‘मोकळी’ या फोटोतल्या बाईचं आभारप्रदर्शन

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पतसंस्थेचे चेअरमन माननीय हंबीररावजी सावंत साहेब. पुण्याहून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, कलादालनाच्या संचालिका आदरणीय स्वप्नालीताई. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, इस्लामपूरच्या आर्जव फोटो स्टुडिओचे मालक आणि आपल्या सगळ्यांचे लाडके छायाचित्रकार शांतिनाथ मगदूम सर. व्यासपीठावरील सर्व मान्यवर, संचालक मंडळ, पत्रकार बंधू, पुढच्या रांगेतले आजी-माजी सैनिक, मागच्या सतरंजीवर बसलेल्या माझ्या आया-बहिणी आणि खुर्ची न मिळाल्यामुळे दाराला टेकून उभे असलेले आपण सगळे, सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव दीपमाला. निमंत्रण पत्रिकेत ते छापायचं राहून गेलं आहे. तिथं ‘आभार : मोकळी या गाजलेल्या छायाचित्रातील महिला’ असं आहे. घाईत राहिलं असेल. अध्यक्ष महाराज सभागृहात अध्यक्ष असले तरी घरी माझे मामंजी आहेत, म्हणजे नाव त्यांना ठाऊक आहे.

आभार मानायचं काम मला दिलं त्याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे. हे काम शेवटी येतं. तोवर लोकांचं लक्ष चहाच्या किटलीकडं गेलेलं असतं, म्हणून ते बहुधा एखाद्या बाईकडं देतात. पण गेली दोन वर्षं मामंजींबरोबर मी अशा पुष्कळ कार्यक्रमांना व्यासपीठावर शोभेला बसले आहे आणि बसून बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आभार झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. वंदे मातरम् होत नाही, चहा फिरत नाही, अध्यक्षांनाही उठता येत नाही. म्हणजे तसं पाहिलं तर काम मोठं आहे.

मला बोलण्यासाठी हा कागद दिला आहे. पतसंस्थेच्या क्लार्कभाऊंनी सुवाच्य अक्षरात बारा ओळी लिहिल्या आहेत. त्यातल्या नऊ अध्यक्षांबद्दल आहेत. त्या मी वाचणार आहे, काळजी नसावी. त्याआधी मगदूम सरांबद्दल चार शब्द बोलू द्या. सर जैन आहेत, दिवस मावळायच्या आत जेवतात, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. आज पावणेसातला दिवस मावळतो. आता सहाला पाच कमी आहेत. वेळ आहे आपल्याकडं.

या भिंतीवर सरांचे चाळीस फोटो लावले आहेत. येताना पाहिलेत ना? नसतील पाहिले तर जाताना पाहा. कुठला राजवाडा नाही, कुठला पुढारी नाही. इस्लामपूरच्या बाजारात पालेभाजीवर पाणी मारणारी बाई आहे. साताऱ्यात झाडाखाली आरसा टांगून दाढी करणारे नाभिक आहेत आणि त्या आरशात दाढी करून घेणाऱ्याचा नुसता एक डोळा दिसतो. पेन्शनच्या रांगेत दुमडलेला कागद पंख्यासारखा हलवणारे सुभेदार आहेत. औंधला यमाईच्या पायऱ्या चढताना मध्येच बसून, पायातला काटा काढणारी म्हातारी आहे. ही माणसं आपण रोज बघतो, आणि रोज बघतो म्हणून कधीच बघत नाही. सरांनी ती आपल्याला दाखवली. त्यासाठी तीस वर्षं ते एसटीनं हिंडले, स्टँडवर तासन्‌तास उभे राहिले, कॅमेरा पोटाशी धरून, दुसरीकडं बघितल्यासारखं करत. माणसाला असं निरखणं सोपं नाही. त्याला माया लागते आणि सरांकडं ती भरपूर आहे, हे मी मनापासून सांगते.

मघाशी सत्काराला उत्तर देताना सर म्हणाले, ‘मी कुणाला इचारत न्हाई. इचारलं की मानूस मानसासारखा ऱ्हात न्हाई, फोटोसारखा व्हतो.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खरंच आहे ते. विचारलं की आम्ही पदर सावरतो, केस दाबतो आणि हसू आवरतो.

आता मधला मोठा फोटो. तो बघितला नाही असा माणूस तालुक्यात नसेल. साताऱ्याच्या स्टँडवरची एसटी, शेवटून दुसरी खिडकी, गजावर हात टाकून खळखळून हसणारी हिरव्या साडीतली बाई. तिच्या डोक्यावर पाटी, ‘सातारा–पुणे’. आणि खाली नाव, ‘मोकळी’. ती बाई मी. ही साडीसुद्धा तीच आहे. आज हीच नेसायची, असं मला कालच सांगण्यात आलं होतं.

एक कबूल करते. फोटोत मी फार सुंदर दिसते. मला तो फोटो आवडतो. रोज आवडतो. राग यावा आणि येऊ नये, अशी माझी गत आहे.

ती बाई कशाला हसते, हे आजवर मला कुणी विचारलं नाही. स्वप्नालीताई, आपण मघाशी फार सुरेख बोललात. ‘ग्रामीण स्त्रीच्या अंतरीचा आनंद’ असं आपण म्हणालात. परवानगी असेल तर मी जरा त्याच्या अलीकडचं सांगते.

लग्नाआधी साताऱ्यात राहून मी लॅबचं शिक्षण घेतलं. रक्त, लघवी, थुंकी तपासायचं. कुणाला ऐकायला बरं वाटत नाही, पण मला त्या कामाची गोडी आहे. काचेवरच्या एका थेंबावरून माणसाला काय होतंय ते कळतं. लग्न झालं तेव्हा ठरलं होतं की नोकरी करायची. दोन वर्षं ‘बघू’ म्हणण्यात गेली. मग पुण्याच्या एका दवाखान्यातून मुलाखतीला बोलावणं आलं आणि मी घरात खोटं बोलले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई बनुबाई, त्या तिकडं बसल्या आहेत. त्यांना मी म्हणाले, ‘औंधला जाऊन यमाईची ओटी भरून येते.’ त्यांनी स्वतःच्या हातानं पिशवीत नारळ आणि खण घातला. आत्याबाई, ते खोटं मला आजही टोचतं.

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलायची असते. औंधची एका फलाटाला, पुण्याची दुसऱ्या. मी दोन्हीच्या मध्ये उभी होते. तेवढ्यात पुण्याच्या गाडीचे कंडक्टर ओरडायला लागले, ‘चला, मोकळी हाय, मोकळी हाय!’ मी चढले. आत खरंच कुणी नव्हतं. मी आपली दाराजवळच्या बाकावर कडेला टेकले, तर ते म्हणाले, ‘आवं ताई, आकसून कशाला बसताय? समदी गाडी तुमचीच हाय. कुठंबी बसा.’

समदी गाडी तुमचीच हाय. कुठंबी बसा. माझ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मी या खिडकीत बसले, त्या खिडकीत बसले. मग मागं गेले आणि हसू आलं ते आवरेना. फोटोत आहे ते हेच हसू. सर खाली उभे होते. कंडक्टरचं ओरडणं त्यांनीही ऐकलं आणि त्यातला एक शब्द उचलून त्यांनी फोटोला दिला. गाडी सुटायच्या आत त्यांनी तो कॅमेऱ्यातून फोनवर घेऊन सगळीकडं धाडलासुद्धा.

अध्यक्षांनी घंटी वाजवली, ती मी ऐकली. धन्यवाद. सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करते. ‘मोकळी’ शब्द पुण्यात चांगला असेल. आमच्याकडं गाडी मोकळी असते, रान मोकळं असतं, बाळंतीण मोकळी होते. आणि एखादी सून मोकळी केली म्हणजे सोडचिठ्ठी देऊन माहेरी घालवली. हा अर्थ आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक आहे. सरांच्या मनात तो आलाच नाही. आणि माझ्या फोटोखाली तेवढा एकच शब्द. ना नाव, ना गाव. वर पुण्याची पाटी.

गाडी शिरवळला पोचेपर्यंत तो फोटो आमच्या गावातल्या सगळ्या फोनवर होता. मामंजी तेव्हा इथंच, पतसंस्थेच्या ऑफिसात बसले होते. कुणीतरी आत येऊन विचारलं, ‘आबा, सून मोकळी केली व्हय?’ दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. मामंजी, त्या दिवशी आपल्याला केवढी लाज वाटली असेल, ते मी समजू शकते. आपला काही दोष नव्हता. माझा फोन वाजायला लागला तो स्वारगेटपर्यंत वाजत राहिला. मी उचलला नाही. स्वारगेटला गाडी लागली तर दारात माझा भाऊ मल्हार उभा. पुण्यातच कंपनीत असतो, घरून त्याला फोन गेला होता. रडवेला झाला होता. म्हणाला, ‘ताई, उतरू नको. हीच गाडी माघारी जातीया. मी तिकीट काढलंय.’

मी उतरले नाही. पुण्याला पाय लागला नाही माझा. कंडक्टर तेच होते. परतीला गाडी भरलेली होती आणि मल्हारनं मला आतल्या बाजूला बसवलं. नारळ आणि खण जसाच्या तसा घरी आला.

घरात कुणी मला मारलं नाही. कोंडून घातलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण तसं काही झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. मामंजी एवढंच म्हणाले, ‘तुला हितं काय कमी हाय?’ आणि माझी मूळ प्रमाणपत्रं हिरव्या फायलीत घालून त्यांच्या लोखंडी कपाटात ठेवली. ‘जपून ठेवतो. बायकांच्या हातनं हरवत्यात.’ तीन वर्षं ती जपून आहेत. किल्ली त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात, रुमालाच्या गाठीत असते. वेळेवर जेवण, सणाला साडी, आजारी पडले तर डॉक्टर. बाहेर जायचं तर ‘कशाला?’ एवढाच प्रश्न. त्या प्रश्नाचं उत्तर रोज शोधून शोधून मी बाहेर जायचं सोडलं.

पुढच्या वर्षी फोटोला मोठं बक्षीस मिळालं आणि आपल्या पतसंस्थेनं तो कॅलेंडरवर घेतला. घराघरात मी लागले. आमच्याही स्वयंपाकघरात आहे. माझ्या कपाळाच्या वर आत्याबाई गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहितात. मी चपात्या लाटते आणि समोर मी हसते. पाहुणे आले की म्हणतात, ‘तसंच हसा की एकदा.’ मी हसते. पण ते तसं येत नाही आणि त्यांनाही ते कळतं, मग ते कॅलेंडरकडं बघतात.

माझा फोटो दिल्लीला जाऊन आला, कोलकात्याला जाऊन आला, परदेशात कुठंतरी तीन महिने राहून आला. गेला महिना सोडला तर मी या काळात गावाबाहेर माहेरी दोनदा गेले आणि मिरजेला डोळे दाखवायला एकदा. आता सर स्टुडिओ बंद करून मुलाकडं, आर्जवकडं बंगळुरूला निघालेत आणि तिथून फोटोंचं प्रदर्शन घेऊन बारा शहरं फिरणार आहेत. सगळ्यात पुढं ‘मोकळी’. सर, मला तिचा हेवा वाटतो. माझ्याच फोटोचा मला हेवा वाटतो, हे बोलायलाही लाज वाटते, पण आता बोलून टाकलं.

सरांना हे सगळं ठाऊक नव्हतं. बक्षीस मिळाल्यावर पत्ता शोधत पेढे घेऊन घरी आले, ओसरीवर बसले आणि माझ्या तोंडाकडं बघून पेढ्याचा पुडा तसाच हातात धरून राहिले. एवढी वर्षं माणसांचे चेहरे वाचलेला माणूस. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

सर, आता मी जे सांगणार आहे त्याबद्दल मला माफ करा. उद्या आपण गाडीत बसणार, म्हणून सांगायचं धाडस करते. गेल्या महिन्यात आत्याबाईंच्या चष्म्यासाठी मी इस्लामपूरला गेले होते. तिथून सरांच्या स्टुडिओत गेले आणि म्हणाले, ‘पासपोर्ट साइज फोटो काढायचाय.’ सरांनी मला स्टुलावर बसवलं. ‘मान सरळ. हनुवटी जरा खाली. हसू नका.’ तीन वर्षांत मला ‘हसू नका’ म्हणालेले ते पहिले. मग कॅमेरा खाली घेऊन त्यांनी विचारलं, ‘ताई, कुठं निघालाय?’

मी म्हणाले, ‘साताऱ्याला. दवाखान्यात लॅबच्या नोकरीचा अर्ज करतेय.’

सर स्टुलासमोर खालीच बसले. म्हणाले, ‘त्या दिवशी येवढं इचारलं असतं तर?’

सर, तेवढंच हवं होतं. मी सांगितलं असतं, आणि आपण फोटो चार दिवस थांबून धाडला असता. हसू तेच राहिलं असतं. आपण नव्या प्रवासाला निघालात, नवी माणसं बघाल. फोटो काढण्याआधी नका विचारू, माणूस फोटोसारखा होतो हे खरं आहे. पण काढून झाल्यावर विचारा. नाव काय, कुठं निघालाय. लहान तोंडी मोठा घास वाटला तर सोडून द्या.

अर्जाला प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स जोडल्या आणि पत्ता सरांच्या स्टुडिओचा दिला होता. गेल्या मंगळवारी पत्र आलं, सरांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं. माझी निवड झाली आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता साताऱ्यात हजर व्हायचं, मूळ प्रमाणपत्रं घेऊन. आज शनिवार.

दुसऱ्यांदा घंटी वाजली. होय मामंजी, संपवतेच.

आता आभार. मंडप आणि माईकवाल्यांचे आभार. रांगोळी काढणाऱ्या मुलींचे आभार. चहा तीनदा गरम करून वाट बघणाऱ्यांचे आभार. स्वप्नालीताई, आपले आभार. पत्रकार बंधूंचे आभार. आपण वही बंद करू नये ही विनंती, अजून थोडं आहे. मगदूम सर, आपले आभार. त्या मोठ्या फोटोचे नव्हे, पासपोर्ट साइजच्या आठ लहान फोटोंचे. त्यात मी हसत नाही, पण तेच मला कुठंतरी घेऊन जातील.

माझे पती वीरधवल पहिल्या रांगेत आहेत. सैन्यात नाईक आहेत, गाव त्यांना मेजर म्हणतं. मेजर, तुम्ही तीन सुट्ट्यांमध्ये मला म्हणालात, ‘ह्या टायमाला ऱ्हाऊ दे, पुढल्या सुट्टीत आबांशी बोलतो.’ एक सुट्टी शेतात बोअर मारण्यात गेली, एक बहिणीच्या लग्नात. ही तिसरी आणि परवा तुम्ही निघताय. तिकडं बर्फात उभं राहायला तुम्हाला भीती वाटत नाही. इथं वडिलांसमोर वाटते. मलाही वाटते. आत्ताही वाटतेय, हे टेबल धरलंय म्हणून दिसत नाही. तुमचेही आभार, कारण आता तुम्हाला आबांशी बोलावं लागणार नाही. ते मीच बोलले. तुम्ही नुसतं चालायचं आहे.

आता एकच आभार राहिले. अध्यक्षांचे. त्या नऊ ओळी.

मामंजी, घर इथून दोनशे पावलांवर आहे. कपाटाची किल्ली आपल्या खिशात आहे. ती मेजरांकडं द्यावी, ही नम्र विनंती. हिरवी फाईल, वरून लाल दोरा बांधलेली. ती माझ्या हातात पडली की या नऊ ओळी मी एक शब्दही न गाळता वाचीन, मनापासून वाचीन, कारण तेव्हा त्या खऱ्या असतील. मग वंदे मातरम्, मग चहा, आणि मगदूम सरांचं जेवण दिवसाउजेडी. शाल आणि नारळ मला नको. नारळ माझ्याकडं यमाईचा एक देणं आहे. सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. चालत गेलं तरी पुरेल.

सर, कॅमेरा हातात घ्या. आज मी सांगते, काढा. फाईल देताना अध्यक्षांचाही चांगला येईल. खाली नाव लिहा, दीपमाला वीरधवल सावंत, साताऱ्याला निघालेली.

बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काही अधिकउणं बोललं गेलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाचा मान कमी पडला असेल, तर लेक समजून पोटात घाला. मगदूम सर, आज माझ्यामुळं आपल्या जेवणाची वेळ चुकली तर त्या अपराधाची क्षमा मी आत्ताच मागून ठेवते. बाकी कुणाची मागत नाही.

आभार अजून पूर्ण झालेले नाहीत. कृपया कुणीही जागा सोडू नये.

मेजर, तुम्ही सोडून.